काकूंच्या हाताला येईल असं मशीन

पाणीपुरवठा खात्यात जन्मभर पाइप जोडले म्हणून त्यांना सगळे फिटर म्हणायचे. निवृत्त झाल्यावर त्या नावाच्या मागे 'काका' लागलं, एवढाच काय तो बदल. इमारतीत कुणाचाही नळ गळायला लागला की पहिली हाक फिटरकाकांना. हातातला चहा तसाच ठेवून ते पाना घेऊन निघायचे. पाणी वाया गेलेलं त्यांना बघवत नसे. रस्त्यात कुठे पाइप फुटलेला दिसला की घरचंच कुणीतरी जखमी होऊन पडलंय अशा चेहऱ्यानं ते तिथे उभे राहायचे.

स्वतःच्या घरात मात्र त्यांचा हात कशाला लागत नसे. आळस नव्हता तो. घर काकूंचं होतं आणि काकूंना कुणाची लुडबूड खपत नसे. धुण्यात तर नाहीच नाही. सकाळी पाणी आलं की काकू न्हाणीघरात शिरायच्या. पांढरे आधी, मग फिके, मग गडद. टॉवेल वेगळे, पायपुसणी सगळ्यांत शेवटी. कॉलरी घासायला एक छोटा ब्रश होता, त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. कपडा पिळला की तो नाकाशी धरून बघायच्या. साबणाचा वास आला तर पुन्हा पाण्यात. मुलीनं नोकरी लागल्या लागल्या मशीन घेऊन देते म्हटलं, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "माझे हात काय झडले का? माझ्यामागे आणा काय आणायचं ते."

त्या सकाळी फिटरकाका बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. न्हाणीघरात बादली भरून वाहायला लागली. कोणती बादली किती भरलीय हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. त्यांनी पेपरातून डोकं न काढता ओरडून सांगितलं, "अगं, नळ!" पाणी वाहतच राहिलं. थोडा वेळ त्यांनी वाट पाहिली. मग चिडून पुन्हा ओरडले, "अगं, नळ बंद कर की! किती पाणी चाललंय!" तरी उत्तर आलं नाही, तेव्हा ते तणतणत उठले. काकू भिंतीला टेकून खाली बसलेल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. उजवा हात साबणाच्या पाण्यात तसाच पडला होता, आणि डोळे उघडे होते.

दवाखान्यात त्यांचा जीव वाचला. उजवी बाजू मात्र गेली आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतंय, फक्त शब्द सापडत नाहीत. शब्द उरला तो एकच, "नको." भूक लागली तरी नको, पंखा लावायचा असला तरी नको, झोपायचं असलं तरी नको. प्रत्येक वेळी सूर वेगळा. फिटरकाका त्या सुरावरून अर्थ लावायला शिकत होते आणि रोज चुकत होते.

चाकांच्या खुर्चीतून काकू घरी आल्या. मुलगी रजा काढून आली, राहिली. रजा संपल्यावर जाताना दारात थांबून रडली आणि गेली. तिचं गाव लांब होतं, पोरं लहान होती, तिचाही इलाज नव्हता. मागे उरले दोघं नवरा-बायको आणि रोजच्या भिजलेल्या चादरी.

चादर धुणं म्हणजे काय हे फिटरकाकांना या वयात कळलं. कोरडी असताना चार बोटांनी उचलावी एवढी ती हलकी. भिजली की बैल होऊन बसते. ते न्हाणीघरात पाटावर बसायचे, गुडघे कुरकुरायचे, उठताना नळाला धरून उठावं लागायचं. पिळायला दुसरं टोक धरणारं कुणी नाही, म्हणून त्यांनी एक टोक नळाला बांधून बघितलं, तर नळच ढिला झाला. हा प्रकार त्यांनी कुणाला सांगितला नाही. एकदा त्यांच्या जुन्या खाकी पँटचा रंग काकूंच्या पांढऱ्या गाऊनला लागला. तो गाऊन घातल्यावर काकूंनी डाव्या हातानं त्याची कड उचलून पाहिली आणि तोंड भिंतीकडे केलं.

रोज व्यायाम करून घ्यायला एक ताई यायची. कामाला चोख, बोलायला मोकळी. एकदा काकूंना कुशीवर वळवताना ती थबकली. "काका, पाठीवर पुरळ उठलंय. चादरींतला साबण नीट निघत नाहीये."

"चांगल्या दोन बादल्या पाणी घालतो मी."

"दोन बादल्यांनी नाही भागत. आणि रोज रोज तुम्हाला तरी कुठे जमणार? मशीन घ्या ना."

त्याच दिवशी फिटरकाका दुकानात गेले. पाइप असो वा पंप, वस्तू पारखून घ्यायची त्यांना सवय होती. इथे मात्र त्यांचं घोडं अडलं. दोन टबांचं मशीन होतं, वरून झाकण उघडणारं होतं, समोरून गोल दार असलेलं होतं. कशात सोळा बटणं, कशात एकच. विक्रेता तरुण होता, पाठ केल्यासारखा बोलत होता. "काका, वरून उघडणारं घ्या. वाकायला नको, गुडघे सांभाळले जातात. मधेच एखादा कपडा टाकायचा राहिला तर तोही टाकता येतो. तुमच्या वयाचे सगळे हेच नेतात."

फिटरकाकांना पटलं. उद्या येऊन नक्की करतो म्हणाले आणि बऱ्याच दिवसांनी जरा हलक्या पावलांनी घरी आले. काकूंच्या पलंगाशी बसून त्यांनी सांगितलं, "अगं, मशीन बघून आलो. आता तुझ्या चादरी कशा लख्ख होतील बघ."

"नको," काकू म्हणाल्या.

"पैशांची काळजी करू नकोस."

"नको." आवाज चढला.

"अगं, पण ऐकून तरी घे..."

"नको! नको, नको, नको!" डाव्या हातानं त्यांनी उशी ढकलली, पाण्याचा पेला लवंडला. रात्री त्या जेवल्या नाहीत. सकाळी पेजेचा चमचा पुढे केला तर ओठ मिटून घेतले.

ताई आली तेव्हा फिटरकाकांनी तिच्याकडे गाऱ्हाणं केलं. ती दाराबाहेर येऊन हळू आवाजात म्हणाली, "काका, त्यांच्या बाजूनं बघा जरा. त्यांना वाटत असेल, मशीन आलं म्हणजे यांनी माझ्या उठण्याची आशा सोडली."

"मग मी काय करू? आशा धरून चादरी तशाच ठेवू?"

ताईनं आत जाऊन काकूंचा व्यायाम उरकला. ती गेली. दुपारी पुन्हा चादर भिजली. फिटरकाकांनी ती ओढून काढली, काकूंना पुसलं, दुसरी अंथरायला घेतली आणि ती अजून दमट आहे हे हाताला लागलं. मशीनचा विषय त्यांच्या तोंडून पुन्हा निघाला, आणि पुन्हा तेच उत्तर आलं. मग मात्र त्यांचा तोल गेला. दमट चादर जमिनीवर आपटून ते ओरडले, "नको ना? मग ऊठ! ऊठ आणि धू तूच!"

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. रडल्या नाहीत.

फिटरकाका न्हाणीघरात जाऊन उपड्या बादलीवर बसले. काकू जिथे पडल्या होत्या ती भिंत समोर होती. मग बाहेर आले, पलंगाशी जमिनीवर बसले आणि मनात दडपून ठेवलेलं एकदम बोलून गेले.

"त्या दिवशी पाणी वाहत होतं ते मला ऐकू येत होतं. मी उठलो नाही. वर तुझ्यावरच ओरडलो, नळ बंद कर म्हणून. तू तिथे पडलेलीस आणि मी पाण्याचं बोलत होतो. तेव्हाच उठलो असतो तर कदाचित..."

"नको," काकू म्हणाल्या. हा सूर त्यांनी आजवर ऐकला नव्हता. काकूंचा डावा हात चाचपडत त्यांच्या डोक्यापर्यंत आला आणि विरळ केसांवर थांबला. "नको," त्या पुन्हा म्हणाल्या, अगदी हळू. या वेळी अर्थ लावायला फिटरकाका चुकले नाहीत. चादरीत तोंड घालून ते लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंना विचारलं, "येतेस दुकानात? तुला बरं वाटेल तेच आणू. नाहीच वाटलं तर परत येऊ." काकू नको म्हणाल्या नाहीत, तोच होकार समजून त्यांनी शेजाऱ्याच्या मदतीनं खुर्ची खाली उतरवली.

दुकानात विक्रेता नेहमीच्या उत्साहानं पुढे आला. बोलत मात्र होता तो फिटरकाकांशीच, काकूंच्या डोक्यावरून, जणू त्या सामान आहेत. "हे बघा काका, परवा दाखवलेलं." फिटरकाकांनी खुर्ची त्या मशीनजवळ नेली. काकूंच्या डोळ्यांसमोर नुसता पांढरा पत्रा आला. झाकण पार वर होतं. त्यांनी डावा हात उचलला, तो काठापर्यंतसुद्धा पोचला नाही. हात मांडीवर परत आला.

फिटरकाका त्या हाताकडे बघत राहिले. बाकीचं सगळं त्यांनी पारखलं होतं. खुर्चीतून ते मशीन कसं दिसेल, हे मात्र त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांनी खुर्ची वळवली आणि समोरून उघडणाऱ्या मशीनपाशी नेली. त्याचं गोल दार बरोबर काकूंच्या समोर आलं. काकूंनी आधी नुसतं पाहिलं. मग खटका दाबून दार उघडलं. आत कोपरापर्यंत हात घालून पिंप फिरवून बघितलं. दाराच्या रबराच्या घडीतून त्यांनी बोट फिरवलं. बोटावर धूळ आली ती विक्रेत्याच्या नाकासमोर धरली.

विक्रेता ओशाळला. खिशातून फडकं काढून रबर पुसायला लागला आणि पहिल्यांदाच काकूंकडे बघून बोलला. "डिस्प्लेचं आहे ना काकू, म्हणून. तुम्हाला कोरं देतो." मग फिटरकाकांकडे वळून म्हणाला, "पण काका, याला वाकावं लागतं हं. तुमचे गुडघे..."

"वाकायचंय कुणाला?" फिटरकाका म्हणाले. "कपडे ती घालणार आहे. ती बसलेलीच आहे."

काकूंनी दार लावलं. नीट लागलं का ते ओढून पाहिलं. नको म्हणाल्या नाहीत.

मशीन ठेवायचं कुठे हा प्रश्न होताच. न्हाणीघराच्या दारातून खुर्ची आत जात नव्हती. स्वयंपाकघराला लागून एक अरुंद गॅलरी होती, तिचा उंबरठा फिटरकाकांनी स्वतः फोडून सपाट केला. भिंतीला भोक पाडून पाण्याची लाइन नेली, सांडपाण्याचा पाइप काढला, मशीन डगमगू नये म्हणून पातळी लावून लावून पाहिली. काकू खुर्चीत बसून बघत होत्या. कंपनीचा माणूस जोडणीसाठी आला तेव्हा त्याला करायला फारसं काही उरलंच नव्हतं; चहा पिऊन, बटणं समजावून तो गेला.

पहिल्या दिवशी फिटरकाकांनी सगळे कपडे एका ढिगात आणून ठेवले. काकूंनी ढीग पाहिला आणि कपाळाला हात लावला. मग डाव्या हातानं एकेक कपडा ओढून त्यांनी वाटे घातले: पांढरे, फिके, गडद. खिसे उलटे करून बघितले. शर्टाच्या खिशात फिटरकाकांचा चष्मा निघाला, सकाळपासून ते तो शोधत होते. चादरी आत गेल्या, दार लागलं, पाणी आत येऊ लागलं. दोघं दाराच्या काचेसमोर बसून राहिले. चादर वर यायची, खाली पडायची. मशीन थांबल्यावर काकूंनी चादरीचं टोक ओढून नाकाशी धरलं आणि मान हलवून दुसऱ्या पाण्याचं बटण दाखवलं.

त्यांचा दिवस हळूहळू त्या मशीनभोवती लागला. सकाळी पाणी आलं की चादरी. त्या फिरत असतानाच ताईचा व्यायाम, म्हणजे काकूंचं लक्ष दुखण्याकडे जायचं नाही, कान गॅलरीत असायचे. मग कपड्यांची दुसरी खेप. दोरीवर घालायचं काम फिटरकाकांचं, काकू खिडकीतून बघायच्या आणि शर्ट खांद्याला चिमटा लावून टांगला की आतून "नको!" यायचं. शर्ट खालच्या कडेनं टांगायचा, खांद्याला खूण पडते, हे त्यांना अशा कितीतरी नको-नकोतून कळलं. दुपारी वाळलेले कपडे काकूंच्या मांडीवर यायचे. एका हातानं घडी घालायची म्हणजे हनुवटी लावावी लागते, दात लावावे लागतात. रुमालाला सुद्धा वेळ लागायचा. फिटरकाका शेजारी बसायचे, हात मागे बांधून. मदत करायची नाही हेही त्यांना शिकावं लागलं होतं.

पाठीवरचं पुरळ गेलं. काही शब्दही आले. पहिल्यांदा "अहो," मग "थांबा," मग मुलीचं लाडाचं नाव. चालणं काही आलं नाही, आणि ते येणार नाही हे दोघांनी न बोलता मान्य केलं.

अशी काही वर्षं गेली. मग एका थंडीत काकूंना दुसरा झटका आला आणि या वेळी त्या दवाखान्यातून परत आल्या नाहीत.

मुलगी आली. सगळं आटोपल्यावर एका सकाळी ती गॅलरीत कपडे मशीनमध्ये कोंबत होती. फिटरकाका तिच्या मागे येऊन उभे राहिले. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्याकडे चला. इथे एकटे काय करणार?"

"कपडे वाळू देत," ते म्हणाले. "मग बोलू."

कपडे वाळले. बाप-लेकीनं मिळून घड्या घातल्या. काकूंचे गाऊन मुलीनं स्वतःच्या पिशवीत ठेवले, फिटरकाकांनी अडवलं नाही. बोलणं झालं ते थोडकंच. चार दिवसांनी मुलगी एकटीच परत गेली. फिटरकाकांनी तिला गाडीत बसवून दिलं, घरी आले, तिनं वापरलेली चादर आणि उशीचा अभ्रा काढून मशीनमध्ये घातला, आणि स्टूल ओढून काचेसमोर बसले.