कर्णेवाल्या अण्णांची पाळी

अण्णा गेल्याचा निरोप मला आडुतुरैच्या कचेरीत मिळाला. दुःख नंतर झालं. आधी आठवली ती कुंभकोणच्या आमच्या विठोबाच्या मठातली मंडळी, आणि शिसारी आली. दीड महिना झाला, अजून ती जात नाही.

अण्णा म्हणजे रंगोजीराव, माझे थोरले चुलतभाऊ, आमच्या घरातला एकच खरा गळा. भजनावर पोट भरेना तेव्हा त्यांनी लाउडस्पीकरचा कर्णा आणि तबकड्यांचं यंत्र घेतलं आणि लग्नाकार्यांतून फिरू लागले. तबकडी वाजत असतानाच माइक हाती घ्यायचे आणि त्याच चालीवर तिथल्या तिथे कवनं जुळवायचे... नवरदेवाचं नाक, आत्याबाईंचा रुसवा, सांबारातलं मीठ, काही सुटायचं नाही. अर्धं तमिळ, अर्धं या तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं आमचं जुनाट मराठी. तिरुक्करुगावूरपासून तिरुप्पनंदाळपर्यंत लोक आधी राव मोकळे आहेत का ते विचारायचे आणि मग मुहूर्त धरायचे.

गोकुळाष्टमीला मठात पहिला अभंग म्हणायची पाळी आमच्या घरातल्या थोरल्याची. अण्णांचा सगळा जीव त्या एका पाळीत होता. पण मठाचे कारभारी गोविंदमामा म्हणाले, कोणाच्याही मांडवात ओरडणारं तोंड देवापुढे चालायचं नाही. पाळी माझ्याकडे आली. माझा आवाज म्हणजे फुटकं मडकं, तरी मी ती घेतली. मामांची नाराजी मला नको होती, एवढंच.

त्यानंतर दर वर्षी अण्णा बाहेरच्या ओट्यावर बसून माझं बेसूर गाणं ऐकायचे. एकदाच बोलले, "माइकानं देव बाटतो मणतात. मग तूं गातोस, त्येनं काय होतंय रे?" हसत होते, पण डोळे भरले होते. मी चपला शोधायचं निमित्त केलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मठात शोकसभा ठरली. गर्दी जमणार म्हणून गोविंदमामा वहिनींकडे अण्णांचाच कर्णा मागायला आले. लाज कशाशी खातात हे त्या माणसाला ठाऊक नाही.

वहिनी म्हणाल्या, "न्या की. ते होते तंवर आत घेतला नाहीत, आतां तरी घ्या."

कर्णा मठाच्या दारावर चढला. ज्यांनी अण्णांना उंबऱ्याबाहेर बसवलं, तेच माइकात तोंड घालून सांगू लागले की रंगोजी आमच्या मठाचं भूषण होते. शेवटी मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "घरचा माणूस तूं. एक अभंग मण."

वहिनी समोरच बसल्या होत्या, माझ्याकडेच बघत. आता तरी नाही म्हणायचं होतं...

मी उठलो, घसा खाकरला आणि गायलो.