कोंड्याचं तेल

नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून केतकी परचुरे कोलकात्यात आली आणि बराकपूरजवळच्या एका तागाच्या गिरणीत केमिस्ट म्हणून लागली. ताग मऊ करायला तिथे खनिज तेल वापरत, आणि ते हाताळून शेफालीसारख्या कामगार बायकांच्या हातांना भेगा पडत. केतकीने भाताच्या कोंड्याच्या तेलाचं मिश्रण तयार केलं, पण पहिल्याच दिवशी धागे तुटू लागले.

"मॅडम, हा स्वयंपाक पुरे आता!" मॅनेजर वैतागले.

केतकी मात्र हटली नाही. शेफालीशेजारी मशीनवर उभी राहून ती प्रमाण बदलत राहिली. अखेर धागा टिकला आणि गिरणीने खनिज तेल बंद केलं.

पुढे शेफाली एकदा म्हणाली, "दीदी, काल लेकीची वेणी घातली. ती म्हणते, आई, तुझे हात आता टोचत नाहीत."