भावजी बसले की बंद पडणारं मशीन

वहिनींना सगळा रस्ता वहिनी म्हणतो. समोरचा म्हातारा किराणावाला म्हणतो आणि त्याची नातही म्हणते. खरं नातं एकाचंच, त्यांच्या धाकट्या दिराचं. पण तो पोस्टमन होता. दारोदार "आमच्या वहिनी, आमच्या वहिनी" करत फिरला आणि टपालाबरोबर नावही घरोघर पोचलं.

वहिनींची जागा म्हणजे नवऱ्याच्या शिलाईच्या दुकानामागची पत्र्याची शेड. पुढे कात्री चालते, मागे पाना. लग्न होऊन आल्या तेव्हा शिलाई मशीन बिघडलं की नवरा ते हातगाडीवर घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि अख्खा दिवस घालवून परत यायचा. एकदा वहिनींनी त्याला दारातच अडवलं.

"अहो, त्या माणसाला हात किती आहेत?"

"दोन."

"मग ठेवा ते खाली. मलाही दोनच आहेत."

त्यांनी जुनी चादर अंथरली, मशीन उघडलं, निघेल तसा एकेक भाग ओळीनं मांडला आणि उलट्या ओळीनं परत बसवला. मशीन चाललं, पण एक स्क्रू उरला. नवरा म्हणाला, "उरला तर उरला, चालतंय ना?" वहिनींनी सगळं पुन्हा उघडलं. तो स्क्रू आपल्या जागी गेल्यावरच त्या जेवायला उठल्या.

शिलाई मशीनवरून त्या पाण्याच्या पंपांवर आल्या, पंपांवरून गवत कापायच्या मशीनवर. आधी हातानं ढकलायची यायची, मग बसून चालवायची यायला लागली, छोट्या ट्रॅक्टरसारखी, पोटाखाली पाती असलेली. असं मशीन शेडमध्ये आलं की वहिनी आधी पाना उचलत नाहीत, फडकं उचलतात. सीट वर करून खालची पट्टी पुसतात आणि मशीनचा नंबर वाचतात. मग इंजिनाच्या झाकणावरची धूळ पुसून इंजिनाचा नंबर वाचतात. हे दोन नंबर वेगळे असतात, आणि पुष्कळदा माहेरंही वेगळी असतात: अंग एका कंपनीचं, इंजिन दुसरीचं. बॉनेटचा रंग बघून पार्ट आणणारा माणूस बाजारात दोनदा जातो, असं त्या म्हणतात. त्या एकदाच जातात.

आता भावजींकडे येऊ. टपाल वाटायला मोटारगाडी आली आणि सायकलवाल्यांची गरज संपली. भावजी लग्नाच्या भानगडीत कधी पडले नाहीत. ते दादा-वहिनींकडेच माडीवरच्या खोलीत राहायचे. आधी त्यांनी जिना झाडला. मग पुन्हा झाडला. मग दुकानात येऊन बसायला लागले. माप द्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे, "तुम्ही कुठल्या गल्लीतले? पाण्याच्या टाकीपासून डावीकडे की उजवीकडे?" लोक शर्ट शिवायला आलेले, पत्ता सांगून दमायचे. हळूहळू विचारणंही थांबलं. भावजी दारात उभं राहून नुसता रस्ता बघायला लागले. गप्प पोस्टमन हे काही चांगलं लक्षण नव्हे, हे घरात दोघांनाही कळत होतं.

तेवढ्यात क्रीडांगणावर मशीन चालवायला माणूस हवा असल्याचं कळलं. महिनाभर काम बघू, मग ठरवू, म्हणून मुकादमानं भावजींना ठेवून घेतलं. भावजी पहाटे उठून बूट पुसायला लागले. आठवडा छान गेला, कारण तेव्हा कडेची सपाट पट्टी कापायची होती. मग मधलं मैदान आलं आणि मशीन बंद पडायला लागलं. चालता चालता गप्प. परत चालू केलं की चालू व्हायचं, पुढे जाऊन परत गप्प. पाच वेळा, सात वेळा. मैदानावर कुठे कापलेलं, कुठे राहिलेलं, अर्धवट दाढी केल्यासारखं.

मुकादम कडक होता, पण दुष्ट नव्हता. म्हणाला, "पोस्टमन, रविवारी सामना आहे. शनिवारी माझ्यासमोर सगळं मैदान न थांबता कापून दाखवा. जमलं तर कायम. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. यात राग धरू नका."

भावजींनी मशीन वहिनींच्या शेडमध्ये आणलं. तोंड मशीनपेक्षा उतरलेलं.

"कधी बंद पडतं?" वहिनींनी विचारलं.

"मनाला येईल तेव्हा."

"मशीनला मन नसतं, भावजी. थंड असताना की तापल्यावर?"

"दोन्ही."

"पाती फिरत असताना की नुसतं चालताना?"

"पाती फिरत असताना. ती नाही फिरवली तर मी तिथं करू काय, वारा खाऊ?"

वहिनींनी फडकं उचललं. नंबर वाचले. ऑइलची कांडी काढून पुसली, परत घालून बघितली, ऑइल पुरेसं होतं. एअर फिल्टर काढला तर त्यात इतका गवताचा भुगा की चिमणीनं घरटं केलं असतं. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला हवा आत यायला बारीक भोक असतं, तेही बुजलं होतं. नवऱ्याच्या पेटीतली सुई मागून त्यांनी ते मोकळं केलं. कार्बोरेटरच्या वाटीत पाण्याचे थेंब आणि कचरा निघाला. प्लग काळा झालेला. घाण सापडली की माणसाला वाटतं चोर सापडला. वहिनींनाही चार वेळा वाटलं. सीटखालचा स्विचही त्यांनी तपासला. पाती फिरत असताना चालवणारा सीटवरून उठला किंवा पडला, तर तो इंजिन बंद करतो. स्विच ठणठणीत होता.

नवरा पुढून डोकावला. "झालं का?"

"झालं."

"नक्की?"

"अहो, तुम्ही काजं करा. मी विचारते का, बटण बसतंय का म्हणून?"

शेडपुढच्या फरशीवर भावजी मशीन घेऊन फिरले. इकडून तिकडे, तिकडून इकडे. एकदाही बंद पडलं नाही. भावजींनी दादाला हाक मारून दाखवलं. सगळे खूश.

शुक्रवारी मैदानावर मशीन बंद पडलं. गोलपोस्टच्या अलीकडे, तिसऱ्याच फेरीला.

वहिनी स्वतः गेल्या. शेडमधून सहसा त्या हलत नाहीत. यंत्र सपाटीवर उभं करून बघावं, हा त्यांचा शिरस्ता. पण आता शिरस्त्यापेक्षा दीर महत्त्वाचा होता. त्यांनी भावजींना उतरवलं, पदर खोचला आणि स्वतः बसल्या. गोलपोस्टपर्यंत गेल्या, वळल्या, आल्या, पुन्हा गेल्या. मशीन मांजरासारखं गुरगुरत राहिलं. भावजी बसले. गोलपोस्टशी जाऊन बंद.

मुकादम हातात चहा घेऊन बघत होता. "वहिनी, मशीनला काही झालेलं नाही. त्याला पोस्टमन आवडत नाही."

"कुत्र्यांनाही नव्हते आवडत," भावजी म्हणाले. त्यात विनोद होता, पण आवाजात नव्हता.

वहिनींनी परत कार्बोरेटर उघडायला पाना काढला. मग ठेवून दिला. कष्ट करायला त्या कधी मागे हटल्या नव्हत्या, पण एकच दार दोनदा ठोठावायचं म्हणजे कष्ट नव्हेत, हट्ट आहे. मशीन तेच, पेट्रोल तेच, जमीन तीच. बदलतो तो माणूस. मग माणूसच बघायला हवा.

"भावजी, पुन्हा चालवा. मी इथं बसते."

त्या गोलपोस्टच्या बाजूला जमिनीवरच मांडी घालून बसल्या. डोळे सीटच्या उंचीला आले. भावजी समोरून आडवे गेले. गोलपोस्टच्या अलीकडे पाण्याच्या निचऱ्यासाठी जुनी चर बुजवलेली होती. माती खचून तिथे उंचसखल झालं होतं. पुढचं चाक त्या चरीत उतरायच्या आधीच भावजी पायांवर जोर देऊन हलकेच वर उठले. फार नाही, वीतभरही नाही. पण सीट आणि भावजी यांच्या मधून वहिनींना पलीकडचं कुंपण दिसलं. इंजिन बंद.

वहिनी हसायला लागल्या. पदर तोंडाला लावला तरी थांबेनात.

"काय झालं?" भावजी म्हणाले.

"तुम्ही उठता."

"मी? मी तर बसलोय."

"आता बसलाय. चर आली की उठता. सायकलवर उठायचा तसे."

भावजींचा विश्वास बसेना. मुकादमाला जवळ बोलावून वहिनींनी त्यालाही खाली बसवलं आणि पुन्हा एक फेरी करवली. मुकादमाचा चहा सांडला. भावजींनी जन्मभर टपालाच्या ओझ्यासकट सायकल मारली होती. खड्डा दिसला की पाय पॅडलवर, बूड हवेत. तसं केलं नाही तर पाठीचा कणा टोपीत येतो. आता डोक्याला न विचारता अंगच उठत होतं. वहिनींचं सगळं काम स्टुलावर बसून. त्या पोत्यासारख्या बसायच्या, चर येवो नाही तर डोंगर येवो. आणि शेडपुढच्या फरशीवर खड्डाच नव्हता. फरशी सपाट हवी असा आग्रह धरून ती वहिनींनीच घालून घेतली होती.

मुकादम कपडे झटकत उठला. "सोपं आहे मग. त्या स्विचच्या दोन वायरी एकमेकीला जोडून टाका. उठू दे किती उठायचं ते."

"नाही."

"का? सगळे करतात."

"खाली पाती फिरतात, मुकादम. उद्या हे सीटवरून घसरले तर पाती थांबवणार कोण, तुमचा चहा? स्विच आपलं काम चोख करतोय. जो काम करतो त्यालाच काढून टाकायचं, हे मला जमणार नाही."

"मग काय करणार?"

"ज्यांचं चुकतंय त्यांना बसायला शिकवणार."

हे बोलणं सोपं होतं. भावजींनी चर ओलांडून बघितली आणि उठले. पुन्हा बघितली, पुन्हा उठले. "वहिनी, मी नाही उठत हो, ते आपोआप उठतं," म्हणाले. दादा दुकान बंद करून जाड स्पंजाची गादी शिवून घेऊन आला. कडा दुहेरी टाक्यांनी पक्क्या केलेल्या. दणका कमी बसला तर अंग उठणार नाही, हा त्याचा हिशेब. चांगला हिशेब होता. पण स्पंजानं चरीत भावजींना असं उडवलं की आता ते न उठताही हवेत जायला लागले.

"तुझी शिलाई मजबूत आहे, दादा," भावजी म्हणाले. "सीमेपलीकडे पाठवेल मला."

दादानं गादी काखेत मारली.

वहिनी मग सीटखाली वाकल्या. सीट अगदी पुढे ओढलेली होती. भावजींनीच ओढली होती, सायकलसारखं पायाखाली सगळं यावं म्हणून. पाय बुडाखाली असले तर माणूस उठणारच. पाय पुढे पसरलेले असले तर उठायला जोर येणार कुठून? त्यांनी सीट दोन खाचा मागे नेली. भावजींचा पाय ब्रेकला पुरेना. एक खाच पुढे आणली. आता पाय ब्रेकवर पूर्ण टेकत होता आणि गुडघा जवळजवळ सरळ होता. सीटच्या स्प्रिंगा आधी मशीन चालवणाऱ्या जाड्या माणसासाठी लावलेल्या होत्या, त्या सरकवून नरम केल्या. चर आली की वेग अर्ध्यावर आणायचा, हेही ठरलं. मग पाती न फिरवता भावजींना संध्याकाळपर्यंत त्या चरीवरून फिरवलं. उठले की वहिनी गोलपोस्टजवळून ओरडायच्या, "कुंपण दिसलं!" आधी दर फेरीला दिसत होतं. मग अधूनमधून. उजेड जाता जाता दिसेनासं झालं.

शनिवारी मुकादम खुर्ची घेऊन मैदानात बसला. दादानं दुकान उघडलंच नाही. भावजींनी बूट पुसले होते आणि तोंड दाढ दुखणाऱ्या माणसासारखं आवळलेलं होतं. पहिली फेरी, दुसरी फेरी. चर आली. वेग कमी झाला, पुढचं चाक खाली गेलं, भावजींची मान आत गेली, दात वाजल्याचं कुंपणापर्यंत ऐकू आलं. बूड जागचं हललं नाही. मशीन पुढे गेलं. वहिनींनी सोडलेला श्वास दादाला ऐकू गेला.

मग फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. मैदान पट्ट्यापट्ट्यांनी उजळत गेलं. एकदा, अगदी शेवटाकडे, इंजिनाचा आवाज खोल गेला आणि मुकादम खुर्चीतून अर्धा उठला, पण गवत दाट होतं एवढंच. शेवटची पट्टी कापून भावजी मुकादमासमोर आले, पाती बंद केली, हँडब्रेक लावला आणि मग उठले. उठताना खाली वळून बघितलं, जणू सीट सोबत येते की काय.

मुकादमानं मैदान एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चालून बघितलं. परत येऊन म्हणाला, "सोमवारी लवकर या. आणि ती चर आपण मातीनं भरून घेऊ. दात पडायला नकोत तुमचे."

"म्हणजे कायम?"

"कायम म्हणजे कायम. आता काय टपालानं कळवू?"

दादानं भावजींच्या पाठीवर थाप मारली. वहिनी मात्र मशीनच्या पोटाखाली वाकून बघत होत्या. पात्यांवरच्या पत्र्याला ओलं गवत थरांनी चिकटलं होतं.

"भावजी, इकडे या. हे काढल्याशिवाय मशीन शेडमध्ये जायचं नाही. रात्रीत वाळलं की दगड होतं."

"आज? वहिनी, आज तर मी—"

"आजपासून मशीन तुमचं. पोटही तुमचंच. आधी प्लगची वायर काढा, मगच हात खाली घाला. पुन्हा सांगायला लावू नका."

भावजींनी प्लगची वायर काढली, वहिनींना दाखवली, खरवडायची पट्टी मागून घेतली आणि पुसलेल्या बुटांसकट गवतात गुडघे टेकले.