डावं झाकण, उजवं झाकण

रोज सकाळी शटर वर ढकलण्याआधी महिपती खिशातून एक जुनं पितळी जेट काढायचा. तुरीच्या दाण्याएवढी ती वस्तू, मधोमध सुईनं टोचल्यासारखं भोक. डावा डोळा मिटून तो ते भोक उजव्या डोळ्याला लावायचा आणि धारेश्वराच्या कळसावरचा झेंडा बघायचा. मग म्हणायचा, "दिसतोय." आणि शटर वर जायचं.

त्याच्या बायकोनं, वेणूबाईनं, ही रीत वीस वर्षं पाहिली होती. मोटारसायकलच्या कार्बुरेटरमधून इंजिनाला किती पेट्रोल जायचं, ते या भोकावर ठरतं, एवढं तिला ऐकून ऐकून माहीत झालं होतं. भोक केसाएवढं लहानमोठं झालं तरी गाडी रुसते. म्हणून डोळा रोज तपासायचा, असं महिपतीचं म्हणणं.

दोन हजार दोनच्या श्रावणात कळस रंगवायला काढला आणि झेंडा तीन दिवस उतरवून ठेवला. पहिल्या दिवशी महिपतीनं जेट डोळ्याला लावलं, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "दिसतोय."

वेणूबाईच्या हातातली पाण्याची कळशी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशीही दिसला, तिसऱ्या दिवशीही. ती काही बोलली नाही. बोलायचं काय? धायरीतली त्यांची शेती भावाभावांत वाटून, बिल्डरला जाऊन संपली होती. उरलं ते हे पत्र्याचं गॅरेज आणि महिपतीचे हात. नव्या चकचकीत गाड्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायला लागल्या होत्या. महिपतीकडे यायच्या त्या जुन्या गाड्या, ज्यांना दुसरं कुणी हात लावायचं नाही. 'महिपतीला डोळ्यानं कमी दिसतं' हे वाक्य नुसतं शेजारच्या नऱ्ह्यापर्यंत गेलं असतं, तरी पुरे होतं.

त्यानंतर तिनं त्याला काम करताना नीट बघितलं. तो नंबर वाचत नव्हता. प्रत्येक जेटच्या कडेला बारीक आकडे ठोकलेले असतात, तिकडे तो पूर्वी नजर टाकायचा, आता नाही. आता तो जागेवर चालत होता. पत्र्याच्या टेबलावर लोणच्याच्या बरण्यांची दोन सारखी झाकणं. डावीकडच्या गाडीचे सुटे भाग डाव्या झाकणात, उजवीकडच्या गाडीचे उजव्यात. बोटांनी चाचपून उचलायचे, फुंकायचे, बसवायचे. बोटं अजून चुकत नव्हती.

चार महिन्यांनी एका शुक्रवारी गॅरेजमध्ये दोन येझदी मोटारसायकली उभ्या होत्या, दोघींचे कार्बुरेटर साफ करायला उघडलेले. उजवीकडची आप्पासाहेबांची. आप्पासाहेबांनी जमीन विकून मोटार घेतली होती, पण ही गाडी ठेवली होती. डावीकडची शुभंकरची. शुभंकर यवतमाळचा पोरगा, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. गाडीचा आवाज मोठा यावा म्हणून त्यानं हवेचा फिल्टर काढून टाकला होता. महिपतीनं त्याला तेव्हाच झापलं होतं, "लेका, हवा जास्त झाली की पेट्रोल कमी पडतंय. इंजिन तापून पिस्टन धरतंय, मागचं चाक जाम." आणि मग स्वतःच त्याला एकशे तीस नंबरचं, जास्त पेट्रोल सोडणारं जेट बसवून दिलं होतं. आप्पासाहेबांच्या गाडीला कंपनीचंच एकशे दहा.

शुभंकर सकाळी नऊलाच हजर झाला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसाला पाणी.

"काका, लवकर करा ना. साताऱ्याला मुलगी पाहायला चाललो. बारापर्यंत पोचायचं हाय."

"मुलगी तुला बघणार का गाडीला?"

"दोघांनाही पाहील."

"मग गाडीला पसंत करंल," महिपती म्हणाला. "एवढा फटफटाट ऐकून तुझं बोलणं तिला ऐकूच येणार न्हाई. हे तुझ्या फायद्याचंच हाय म्हणा."

वेणूबाई त्याच वेळी न्याहारी घेऊन आली होती. टेबलावर जागा नव्हती. तिनं दोन्ही झाकणं उचलली, डबा ठेवला. महिपती उभ्याउभ्याच चतकोर भाकरी खाऊन हात पुसायला लागला, तेव्हा तिनं डबा उचलला आणि झाकणं परत मांडली.

शुभंकरची गाडी दहाला सुरू झाली. महिपतीनं रस्त्याच्या टोकापर्यंत चक्कर मारली, हवेचा स्क्रू अर्धा आटा मागेपुढे केला, कान लावला. आवाज लोण्यासारखा. निघताना त्यानं नेहमीचं सांगितलं, "क्लचवर दोन बोटं ठेवायची. गाडी धरल्यासारखी वाटली की दाबायचा. इचार करायचा न्हाई." शुभंकरनं दोन बोटं उंचावून दाखवली आणि गेला.

साडेदहाला महिपतीनं आप्पासाहेबांची गाडी बांधून बाहेर काढली. हळू रेसवर ती छान चालली. मोठ्या रस्त्यावर त्यानं पूर्ण रेस दिली आणि गाडीचा घसा दाटला. भडभड भडभड, मागं काळा धूर. ढकलतच तो परत आला. प्लग काढला. काळाकुट्ट, पेट्रोलनं ओला.

"पेट्रोल जास्त घेतीय," तो स्वतःशीच म्हणाला. "का पण? कालपर्यंत..."

वेणूबाई टेबलाजवळ उभी होती. रिकाम्या झाकणांकडे तिचं लक्ष गेलं. सकाळी उचललेली दोन झाकणं, एक या हातात, एक त्या हातात. ठेवताना तिनं हात बघितले नव्हते.

"अवो," ती म्हणाली. "झाकणं मी हलवली होती. डबा ठेवायला."

महिपतीनं तिच्याकडे बघितलं, मग हातातल्या काळ्या प्लगकडे. आप्पासाहेबांच्या गाडीला जास्त पेट्रोल. म्हणजे शुभंकरच्या गाडीला कमी. फिल्टर नसलेल्या गाडीला. हळू रेसवर हे कळत नाही, या जेटचं खरंखोटं पूर्ण रेस दिल्यावरच कळतं. आणि पूर्ण रेस कुठं द्यावी लागते?

"कोणत्या रस्त्यानं गेला?"

"कात्रजच्या जुन्या घाटानं जातो म्हणत होता."

मोबाईल शुभंकरकडे होता, पण नंबर कुणी घेऊन ठेवला नव्हता. एकशे तीसचं जेट आप्पासाहेबांच्या गाडीच्या पोटात होतं. ते काढायला वीस मिनिटं लागली असती आणि वीस मिनिटं नव्हती. महिपतीनं दुसरा प्लग बसवला, किक मारली. "बस."

वेणूबाई मांडीवर प्लगपाना, स्क्रूड्रायव्हर आणि फडकं घेऊन तिरकी बसली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्याच्या मागं मोटारसायकलवर बसत होती, आणि तीही दुसऱ्याच्या. नऱ्हे, आंबेगाव, कात्रज. महिपती अर्ध्या रेसच्या वर जात नव्हता, गेला की गाडी भरून यायची. समोरून ट्रक आला की वेणूबाई मुठी आवळायची. याला समोरचं तरी किती दिसतंय, हे तिला कळत नव्हतं. चार महिने तिनं ते विचारलं नव्हतं.

"डावीकडं खड्डा हाय," ती ओरडली.

त्यानं गाडी वळवली. मग ती सांगतच राहिली. एष्टी येतीय. बैलगाडी हाय. थांबा, पोरं रस्ता वलांडत्यात. तो एकदाही म्हणाला नाही की मला दिसतंय.

घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडीनं दम सोडला. चढाला अर्धी रेस पुरेना. महिपतीनं प्लग काढला, तापलेला प्लग हाताला चरचरला, तरी फडक्यानं पुसत राहिला. प्लगचं भोक त्याला सापडत नव्हतं. वेणूबाईनं त्याचं मनगट धरलं आणि हात नेऊन भोकावर ठेवला. प्लग बसला, गाडी कशीबशी पुढं निघाली.

पुढच्या वळणावर एक ट्रक आडवा थांबला होता. चारपाच माणसं कठड्याशी वाकून खाली बघत होती. वेणूबाई उतरून धावली, पदर कुठं, वहाण कुठं. माणसं बाजूला झाली. कठड्याला टेकवलेली येझदी. आणि खाली दगडावर बसलेला शुभंकर, पँट गुडघ्यावर फाटलेली, शर्टाची एक बाही काळी.

"काकू?" तो म्हणाला. "तुम्ही इथं कशा?"

तिनं त्याच्या गुडघ्याला पदर लावला.

"कात्रजला पेढे घ्यायला थांबलो होतो. आता चढावर एकदम मागचं चाक जखडलं काकू. मागून हा ट्रक. मले वाटलं, संपलो. हातानं आपोआप क्लच दाबला, पडलो कठड्याकडं. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून." एवढ्यात महिपती धापा टाकत पोचला. शुभंकर त्याच्याकडे बघून कसनुसा हसला. "काका, माझंच चुकलं ना? पेट्रोलमधे ऑइल कमी घातलं असंल मी."

वेणूबाईनं महिपतीकडे बघितलं. वाट मोकळी होती. 'असंल' एवढं म्हणायचं की संपलं. पोरानं स्वतःच दोष अंगावर घेतला होता, गॅरेज वाचत होतं. ट्रकवाला, ती माणसं, सगळे ऐकत होते.

महिपतीनं टाकीचं झाकण उघडून ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा वास घेतला.

"ऑइल बरोबर हाय," तो म्हणाला. "जेट चुकीचं लागलंय. माझ्या हातानं. मला नंबर दिसत न्हाई. चार महिने झाले."

"झाकणं मी हलवली," वेणूबाई म्हणाली.

"तू गप. झाकणं कोणीबी हलवंल. नंबर वाचायचं काम माझं."

ट्रकवाला काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला. शुभंकरनं इंजिनाला हात लावून बघितला आणि झटकन मागं घेतला. इंजिन निवायला अर्धा तास लागला. मग किक हळूहळू खाली गेली. पिस्टन सुटलं होतं. महिपतीनं रस्त्याच्या कडेला फडकं अंथरलं, दोन्ही कार्बुरेटर उघडले आणि दोन जेटं वेणूबाईच्या तळहातावर ठेवली.

"वाच."

सातवीपर्यंत शिकलेली वेणूबाई उन्हाकडे वळली. "एक, एक, शून्य." मग दुसरं. "एक, तीन, शून्य." तिनं दोन्ही पुन्हा एकदा वाचली.

शुभंकर साताऱ्याला तीनला पोचला. मुलीकडच्यांनी नकार कळवला, तो गाडीमुळे नव्हता म्हणे. नंतरचे दोन महिने कंपनीतली पोरं गॅरेजकडे फिरकली नाहीत. आप्पासाहेब मात्र दुसऱ्याच दिवशी आले आणि टाकीवर टिचकी मारून म्हणाले, "काय महिपती, वहिनींना कात्रजचा घाट दाखवायला आमची गाडी? पेट्रोल भरून दिलंत, आपले आभार." मग आवाज उतरवून त्यांनी एका डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं.

मोतीबिंदू निघाला. ऑपरेशननंतर पट्टी सुटल्यावर महिपतीनं आधी जेट मागितलं. पण घरी येऊन बघतो तर धारेश्वराच्या आणि गॅरेजच्या मध्ये तेवढ्या महिन्यांत चार मजली इमारत उभी राहिलेली. तरी तो रोज सकाळी जेट डोळ्याला लावायचा. "गच्चीवरची टाकी दिसतीय," म्हणायचा आणि शटर ढकलायचा. नंबर मात्र वेणूबाईच वाचायची. तो जेट तिच्या तळहातावर ठेवायचा, ती मोठ्यानं आकडे म्हणायची, मगच ते आत जायचं. शुभंकर परत यायला लागला, तेव्हा ती त्याच्याही गाडीच्या जेटचा नंबर दोनदा वाचायची आणि तो दोनदा ऐकून घ्यायचा.

अशी आणखी नऊ वर्षं गेली. रस्त्यावर कार्बुरेटर नसलेल्या गाड्या यायला लागल्या, काम आठवड्याला दोनतीन गाड्यांवर आलं. त्या मंगळवारी एकच जुनी स्कूटर उघडलेली होती. वेणूबाई जेवायला हाक मारायला आली तेव्हा महिपती चिंधीला हात पुसत होता. छातीत जरा जड वाटतंय, असं तो सकाळपासून म्हणत होता, पण ते पित्ताचं असेल असं दोघांनीही धरलं होतं. जेवण झाल्यावर तो भिंतीला टेकून बसला आणि तसाच गेला. गॅरेजमधून निघताना तिनं सवयीनं टेबल आवरायला हात पुढं केला, तेव्हा तो म्हणाला होता,

"झाकणं तिथंच राहू दे. जेवून आल्यावर बघतो."