ताईबाईंची अर्धशिशी

ताईबाईंचं डोकं लहान वयातच दुखायला लागलं. एकच बाजू ठणकायची, उजेड सोसायचा नाही, पाण्याचा घोटसुद्धा पोटात ठरायचा नाही. अर्धशिशी आहे, असं माहेरी म्हणायचे. लग्न होऊन वडगाव रासाईला आल्यावर सासूनं त्या दुखण्याला नाटक म्हणायला सुरुवात केली. खुरपणीच्या दिवशीच हिचं डोकं कसं दुखतं, असं ती चारचौघींत विचारायची. नवरा खंडू स्वभावानं गरीब, ते गप्प राहायचे. ताईबाई फडक्यानं डोकं आवळून शेतात जायच्या, बांधाला ओकायच्या आणि पुन्हा खुरपणीच्या पातीला लागायच्या.

माहेर नदीपलीकडं, दौंड तालुक्यात. आई गेल्याचा निरोप आला तेव्हा ताईबाई आदल्या दिवसापासून अंधाऱ्या खोलीत पडून होत्या. तशाच उठल्या, पातळ बदललं. पण उन्हात पाऊल टाकताच भोवळ आली आणि त्या दारातच कोसळल्या. खंडू एकटेच मातीला गेले.

तिथं ताईबाईंचे थोरले भाऊ कोंडिबा त्यांना सगळ्यांदेखत म्हणाले, "डोकं दुखतंय म्हणून कुणी आईची माती चुकवतं व्हय? तिला म्हणावं, आता हिकडं फिरकू नको."

आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला ताईबाई गेल्या, तर कोंडिबांनी तोंड फिरवलं. पुढं खंडू वारले तेव्हा ते आले, लांब उभे राहिले आणि तसेच परत गेले.

ताईबाईंची मुलगी दीक्षा रांजणगावला एका कंपनीत पार्ट तपासायच्या कामाला लागली. कारेगावात खोली घेऊन राहायची. शिफ्ट सारखी बदलायची, त्यामुळं झोपेला ठरलेली वेळ नव्हती. एकदा कामावर असताना डोळ्यांपुढं चकाकती नागमोडी रेघ तरंगू लागली आणि हातातला पार्ट अर्धा दिसेनासा झाला. पाठोपाठ डोकं फुटायला लागलं. "मोबाईल कमी बघत जा," एवढंच सुपरवायझर म्हणाला. दीक्षानं हे फोनवर सांगितलं आणि ताईबाई पहिल्या एसटीनं कारेगावला आल्या. स्वतःसाठी त्या कधी दवाखान्याची पायरी चढल्या नव्हत्या. लेकीला मात्र त्या थेट शिरूरला, मेंदूच्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या.

डॉक्टरबाईंनी दीक्षाला तपासलं, मग विचारलं, "घरात आणखी कुणाला असं होतं?"

"मला," ताईबाई म्हणाल्या. "लई वर्षं झाली."

बाईंनी खुर्ची त्यांच्याकडं वळवली आणि सगळं विचारून घेतलं. मग सांगितलं, "मेंदू काम करतो तसा त्यात कचरा साठतो. मेंदूभोवतीचं पाणी रक्तवाहिन्यांच्या कडेकडेनं आत झिरपतं आणि तो कचरा वाहून नेतं. झोपेत हे काम जास्त होतं, असं दिसतंय. अर्धशिशीच्या माणसांत हा निचरा नीट होत नसावा, अशी काही संशोधकांना शंका आहे. पण त्यामुळं दुखतं, की दुखण्यामुळं निचरा बिघडतो, हे अजून कळलेलं नाही." पुण्यात त्यावर अभ्यास चालू होता. एमआरआय, म्हणजे मशीनमधून मेंदूचा फोटो, काढून घ्यायला माणसं हवी होती.

"त्या फोटूत दिसंल का, माझं खरंच दुखतं म्हणून?"

"एकट्याच्या फोटोत नाही दिसत, मावशी. पुष्कळांचे फोटो ताडून पाहिले तर कदाचित फरक कळेल. पण तुमचं दुखणं खरं आहे. त्यासाठी मला फोटोची गरज नाही."

बाहेर आल्यावर ताईबाई पायरीवर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. "भावाला दावायचा हुता गं," त्या दीक्षाला म्हणाल्या.

तरी दोघी पुण्याला गेल्या. मशीनच्या ठोक्यांनी ताईबाईंचं डोकं उठलंच. संध्याकाळपर्यंत त्या बाकावर पडून राहिल्या. दीक्षानं डॉक्टरांचं सर्टिफिकेट दाखवून, एचआरशी भांडून रात्रपाळी बंद करून घेतली. गोळ्या आणि वेळेवर झोप यांनी तिचं दुखणं कमी झालं, पण गेलं नाही.

मग ताईबाई कोंडिबांकडं गेल्या. ते ओट्यावर बसले होते. ताईबाईंनी डॉक्टरांनी सांगितलेलं जमेल तसं सांगितलं.

"काय कागद हाय का तसा?" कोंडिबांनी विचारलं.

"न्हाई."

"मंग मी कसं मानू?"

"नको मानू, दादा. तवा माझं कुणी ऐकून घेतलं न्हाई, म्हणून सांगाया आले."

कोंडिबांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "आय जाताना तुझंच नाव घेत हुती."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, ताईला उन्हाचं आणू नका, तिला सोसत न्हाई." ते पुढं म्हणाले, "उशाला मी बसलेलो, आन् ती तुझी काळजी करत हुती. मला राग आला. कुणाला सांगितलं न्हाई मी."

ताईबाई उभ्या राहिल्या. "यवढी वर्षं तू हे पोटात ठेवलंस, दादा?"

ताईबाईंनी त्यांना आईचे शब्द पुन्हा म्हणायला लावले. त्यांनी म्हटले. त्या दिवशी ताईबाई तिथं जेवल्या नाहीत. बऱ्याच महिन्यांनी मात्र त्या पुन्हा माहेरी जायला लागल्या.

आता त्या कारेगावला दीक्षाजवळ असतात. अजूनही त्यांना अधूनमधून अंधार करून पडावं लागतं. अशा वेळी कोंडिबांचा फोन आला, तर दीक्षा सांगते, "मामा, आई पडलीय."

"पडू दे," ते म्हणतात. "उठवू नको."