त्यातला एक इंच माझा

कुठल्याही घरात शिरल्यावर ज्यांना माणसांच्या आधी दाराची रुंदी दिसते असे गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले, आणि ते माझे साडू निघाले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसे, टेप असे. स्टीलची, पाच मीटरची, बटण दाबलं की सर्रकन आत जाणारी. लग्नाच्या हॉलमध्ये ते आहेर द्यायला स्टेजवर चढत आणि उतरताना पायरीची उंची मोजून येत. दवाखान्यात नंबर येईपर्यंत बाक मोजत आणि डॉक्टरांना आधी बाकाची तक्रार सांगत, मग पोटाची. शीळफाट्याजवळच्या नव्या टॉवरमध्ये माझ्या पुतण्याची वास्तुशांत होती. बाविसावा मजला. पाहुणे खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराचं कौतुक करत होते आणि साडू गायब. शोधायला गेलो तर हे लिफ्टमध्ये ओणवे, आणि बाहेर पाच-सहा माणसं खोळंबलेली. वर आले ते थेट पूजेला बसलेल्या पुतण्यापाशी गेले. "फ्लॅट झकास आहे रे," ते म्हणाले, "पण लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही. वेळ आली तर माणसाला उभंच न्यावं लागेल." गुरुजींचा मंत्र तोंडातच राहिला. पुतण्याची सासू उठून आत गेली. "मी काय वाईट बोललो? बिल्डरला विचारायला नको?" असं ते मला परतीच्या रिक्षात अगदी कळवळून विचारत होते.

ठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर स्टोअर सांभाळलं. कुठला नट कुठल्या कप्प्यात आहे हे त्यांना डोळे मिटून सांगता येई, आणि ते खरोखरच डोळे मिटून दाखवत. वर्तकनगरच्या त्यांच्या दोन खोल्यांतही तोच कायदा होता. "चहाची गाळणी जागा सोडून दिसली तर हे मला मेमो देतील हो," असं त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, सांगत असे. निवृत्तीनंतर काही वर्षं त्यांनी शेजाऱ्यांची कपाटं न विचारता लावून दिली. शेजारी दारं लावून घेऊ लागले तेव्हा, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, त्यांनी जाहीर केलं की आपण कम्युनिटी कॉलेजात इंटिरियर डिझाइनचा वर्षभराचा डिप्लोमा करणार.

प्रवेशाच्या दिवशी मी बरोबर होतो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "काका, विद्यार्थ्याला आणायला हवं होतं."

"आणलंय."

"कुठाय?"

"हा काय, अर्ज धरून उभा आहे."

अर्जावर पालकाच्या सहीचा रकाना होता. तो रिकामा ठेवून चालणार नाही, कॉम्प्युटर अर्ज घेत नाही, असं बाईंनी सांगितलं. साडूंनी कागद माझ्यापुढे सरकवला. "करा सही, मॅनेजर. बँकेत आयुष्य गेलंय तुमचं, तुमच्या सहीला वजन आहे." मी त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान. तरी सही केली आणि पुढे, नातं: साडू, असं लिहिलं. घरी आल्यावर आम्ही सगळे पोट धरून हसलो. ते हसले नाहीत. त्यांना माझी सही नीट वाळलीय का, याची काळजी होती.

पुढचं वर्ष त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र झोपताना तेवढं काढलं असेल. भाजी आणायला जाताना ते गळ्यात असे, नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीच्या रांगेतही होतं. वर्गातली मुलं अठरा-वीस वर्षांची. ती कॉम्प्युटरवर सोफे फिरवायची. हे टी-स्क्वेअर लावून पेन्सिलीने रेघा ओढायचे. "काका, टेन्शन नका घेऊ, तुम्ही मापं द्या, कॉम्प्युटरवर रंगीत रेंडर आपण मारू," असा मुलांचा त्यांच्याशी करार झाला होता. एकदा मॅडमनी प्रत्येकाला विचारलं, तुझ्या घराचा कॉन्सेप्ट काय? कुणाचा इंडस्ट्रियल होता, कुणाचा बोहो. साडू उभे राहून म्हणाले, "माणसाला बसून मोजे घालता आले पाहिजेत, हा माझा कॉन्सेप्ट." वर्ग हसला. मॅडमनी मात्र ते वाक्य फळ्यावर लिहिलं. ही हकीकत त्यांनी मला तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा मी "हो का" म्हणालो.

शेवटच्या प्रोजेक्टसाठी खरं घर, खरा माणूस आणि त्याची खरी अडचण घ्यायची होती. त्यांनी डोंबिवलीचं आमचं स्वयंपाकघर घेतलं, कारण माझ्या बायकोचे, कुसुमचे, गुडघे तेव्हा दुखायला लागले होते. चार दिवस ते ओट्याशेजारी स्टूल टाकून बसले. एका हातात खडू, दुसऱ्या हातात वही. ती जिथे जिथे वाके तिथे फरशीवर फुली मारत.

"भावोजी, तुम्ही असे बघत बसलात तर फोडणी करपते माझी."

"करपू दे. तू डबा डाव्या हाताने का काढलास?"

"उजव्या हाताने गुडघा धरलाय म्हणून."

हे ते वहीत लिहून घेत. मी बाहेरच्या खोलीत माझ्या खुर्चीत पेपर वाचत असे. मलाही कुणी मोजत असेल, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

परीक्षेला ज्याचं घर त्याने यायचं असा कॉलेजचा रिवाज होता. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही; कुसुमला जिने चढवेनात, म्हणून मी गेलो. भिंतीवर साडूंचे कागद लावले होते. नकाशे सुरेख होते, पण त्यांच्या शेजारी स्टोअरच्या पद्धतीने आखलेला एक तक्ता होता. पाणी, बाहेरच्या खोलीतून मागणी, सकाळच्या वेळात अकरा वेळा. चहा, चार वेळा. चष्मा, दोन वेळा. खाली लिहिलं होतं: मागणी करणारा एक, उठणारी एक. आणि नकाशात माझ्या खुर्चीशेजारी पाण्याच्या तांब्यासाठी छोटं टेबल काढलं होतं. एक मुलगी तक्ता वाचून मैत्रिणीला म्हणाली, "म्हणजे हे अंकल एकदापण नाही उठले?" मैत्रीण म्हणाली, "सेम टू सेम माझे पप्पा." माझे कान तापले.

तेवढ्यात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "घरमालक आलेत ना? तुम्हाला कसं वाटतं हे?"

मी म्हणालो, "नकाशा छान आहे, पण तो म्हाताऱ्या बाईसाठी काढलाय. आमच्याकडे ती अजून यायची आहे." हशा झाला. तो मला आवडला, म्हणून पुढे म्हणालो, "ह्यांनी जन्मभर गोदाम सांभाळलं, आता आमच्या स्वयंपाकघराचं गोदाम करायला निघालेत." परीक्षकसुद्धा हसले. मग गंभीर होऊन त्यांनी लिहिलं की घरच्यांची अडचण विद्यार्थ्याला समजलेली नाही. प्रोजेक्ट नव्याने करून पुढच्या सत्रात सादर करावा. मॅडम काहीतरी बोलायला गेल्या, पण तोवर परीक्षक पुढच्या मुलाकडे वळले होते.

साडूंनी टाचण्या एकेक करून काढल्या, डबीत ठेवल्या, कागद गुंडाळले. आम्ही रिक्षा स्टँडपर्यंत चालत आलो. तिथे म्हणाले, "हशा चांगला पिकला." आणि गुंडाळी माझ्या हातात दिली. "तुमच्याकडेच राहू द्या. घर तुमचं आहे." ते पुन्हा कॉलेजात गेले नाहीत. डोळे साथ देत नाहीत, असं त्यांनी नातेवाइकांना सांगितलं. ते ऐकून मीही मान डोलावत असे. तक्त्याची गोष्ट मी घरी कधी काढली नाही.

दोन वर्षांनी कुसुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वाकायला बंदी केली. मी माळ्यावरून ती गुंडाळी काढली. मिस्त्रीला बोलावून जसंच्या तसं काम करून घेतलं: पिठाचा डबा कमरेच्या उंचीवर, भांड्यांच्या ट्रॉल्या गुडघ्याच्या वर, ओट्याच्या टोकाला धरायला दांडा. तांब्याचं टेबल तेवढं गाळलं. आणि ओट्याची उंची त्यांनी तीस इंच लिहिली होती, ती मी एकतीस करायला सांगितली. त्यामागे काही शास्त्र नव्हतं. सगळंच दुसऱ्याचं होऊ नये, एवढंच.

स्वयंपाकघर फार सोयीचं झालं. शेजारच्या बायका बघून गेल्या. "कुणाकडून करून घेतलंत?" असं विचारलं की मी म्हणे, "कुणाकडून कशाला, थोडं डोकं चालवलं." कुसुम माझ्याकडे बघे आणि कढईकडे वळे. मिस्त्रीने आमच्या इमारतीत आणखी सात घरांत हुबेहूब तसाच ओटा बसवला आणि त्याला नाव दिलं मॅनेजर ओटा. साडू एकदा येऊन बघून गेले. दारातच उभे राहिले, म्हणाले, "छान झालंय." त्या दिवशी त्यांनी खिशातून टेप काढली नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं. आलंच नाही असं मी वागलो.

गेल्या दिवाळीत साडू आणि मेहुणी जेवायला आले होते. आता साडूंचा हात थरथरतो. चहाची कपबशी वाजते. खालच्या मजल्यावरची एक सून वाटी मागायला आली आणि कौतुकाने म्हणाली, "काका, तुमच्या मॅनेजर ओट्यावर आमच्या चकल्या मस्त झाल्या." साडू कुसुमकडे बघत होते. ती पोळ्या लाटत होती, आणि लाटताना तिचे दोन्ही खांदे कानांकडे चढत होते.

"खांदे दुखतात का गं?"

"दुखतात थोडे, भावोजी. वय झालं."

त्यांनी टेप काढली. टोक फरशीला लागेना, हात हलत होता. मी वाकून ते धरलं.

"एकतीस," ते म्हणाले. "मी तीस लिहिलं होतं. मिस्त्री चुकला का?"

हो म्हणणं सोपं होतं. मिस्त्री तिथे नव्हता. पण वाकलेल्या अवस्थेत माझ्या तोंडून खरंच निघालं. "नाही. मी वाढवला."

"का?"

"त्यात माझं काहीतरी असावं म्हणून."

त्यांनी बटण दाबून टेप आत घेतली. मग म्हणाले, "मग रंग घालायचा होता तुमचा. मापात कशाला हात घातलात?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आणि त्या बाकीच्या सात घरांत?"

"एकतीसच."

ते मटकन स्टुलावर बसले. "अहो, ओटा बाईच्या कोपराला मोजतात. इमारतीला नाही!"

कुसुम लाटणं हातात धरून एवढंच म्हणाली, "मला वाटलं होतं, हे कधी खरं बोलायचेच नाहीत."

ती दोघं गेल्यावर मी मूळ नकाशा पुन्हा उघडला. उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते, तीत ज्याच्यासाठी घर काढलं त्याचं नाव लिहितात. मी ती चौकट कधी वाचली नव्हती. तिथे माझं नाव असणार हे मी धरूनच चाललो होतो. तिथे कुसुमचं नाव होतं, बारीक, स्टोअरच्या लेबलवर असतं तशा अक्षरात. त्या दिवशी वर्गात मी जिच्या जागी बोललो, तिला कुणी विचारलंच नव्हतं.

आठ दिवसांनी साडू एक फळी घेऊन आले. एक इंच जाड, ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरेल एवढी लांब, कडा उतरत्या, म्हणजे ठेच लागायला नको. कुसुम तिच्यावर उभी राहिली आणि तिचे खांदे खाली आले. मी तांब्याचं टेबल करून घेतलं. तांब्या आता मीच भरतो.

कॉलेजातही मी जाऊन आलो. त्या मॅडम अजून आहेत. मी त्यांना तक्त्यासकट सगळं सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, मुदत संपली, आता नव्यानेच प्रवेश घ्यावा लागेल. साडूंना हे सांगितलं तर म्हणाले, "पुन्हा पालक कुठून आणू?" आणि चहा ढवळत राहिले.

हल्ली दर रविवारी आम्ही दोघे सातांपैकी एकेका घरी जातो. ते बाईला ओट्यापाशी उभं करतात, कोपर वाकवायला सांगतात आणि टेपचं एक टोक मला धरायला देतात. आकडा ते सांगतात, लिहितो मी. लिहिल्यावर वाचून दाखवावा लागतो. माझ्यावर त्यांचा भरवसा नाही, आणि ते बरोबर आहे. घरातल्या बाई हमखास विचारतात, "काका, तुम्ही इंटिरियरवाले का?" ते खिशावर हात ठेवून सांगतात, "कोर्स केला, पण पुरा नाही झाला माझा." का नाही झाला, हे ते कुठल्याच घरात सांगत नाहीत. ते सांगणं माझ्याकडे होतं, म्हणून इथे सांगितलं.