मॅडिगनचा कोरा गुडघा

बर्निस पोलाचेक एकतीस वर्षं स्टेडियमच्या लाँड्रीत होती. उन्हाळ्यात बेसबॉलवाल्यांचे कपडे, थंडीत अमेरिकन फुटबॉलवाल्यांचे. खेळाडू ती चेहऱ्यावरून कमी आणि डागांवरून जास्त ओळखायची. कुणाच्या खांद्याला मलमाचा वास येतो, कुणाच्या कोपराला अलीकडे गवत लागत नाही, हे तिला प्रशिक्षकाच्या आधी कळायचं. ज्या वर्षी ती लाँड्री बंद झाली त्याच वर्षी मी ज्यात नट होतो ते नाटकघरही बंद पडलं, आणि ती आणि मी लेस्टर ग्राबोव्स्कीच्या बारमध्ये शेजारच्या टेबलांवर येऊन बसू लागलो.

तिथल्या भिंतीवर एक फळा होता. दर शुक्रवारी दुपारी तळलेला मासा खाऊन झाला की बर्निस हात पुसायची आणि रविवारच्या सामन्यांचे निकाल आधीच खडूनं लिहून ठेवायची. सोमवारपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, तिनंसुद्धा. अंदाज चुकला, तर सोमवारी ती स्वतःच पुढे मोठ्या अक्षरांत ‘चुकले’ लिहायची. मी चाळीस वर्षं रंगमंचावर काढली. भर सभेत आपली चूक इतक्या शांतपणे सांगणारं माणूस मी पाहिलं नाही. तो फळा सोडला तर गावात तिला कुणी काही विचारत नव्हतं.

त्या सप्टेंबरात बेसबॉलचा मोसमातला शेवटचा सामना होता. जिंकलो तर पुढे, हरलो तर घरी. सव्वीस वर्षांनी अशी वेळ आलेली, आणि चेंडू टाकायला आमचा भरवशाचा मॅडिगन. बर्निसनं मासा संपवला, उठली आणि लिहिलं: ‘बेसबॉल: आपण हरू.’

सगळ्या माना फळ्याकडे वळल्या.

“काय गं बर्नी, साबणाच्या फेसात दिसलं का?” नळदुरुस्ती करणारा ऑटो म्हणाला.

“टीव्हीवर दिसलं. चेंडू टाकताना मॅडिगनचा उजवा गुडघा मातीला घासतो. ती माती काढून काढून माझी बोटं सोलली होती. गेले तीन सामने बघ, पँटचा गुडघा कोरा. पाय वाकत नाहीये त्याचा.”

लेस्टर गल्ला सोडून बाहेर आला. “पूस ते. आज गिऱ्हाईकं खुशीत आहेत.”

“सोमवारी.”

“हे चुकलं ना बर्नी, तर फळाच काढून टाकीन.”

“आणि बरोबर निघालं तर?”

“तरी काढीन.”

“मग बिअर तेवढी आण,” ती म्हणाली आणि खाली बसली. खडू तिनं मुठीत घट्ट धरला होता.

रविवारी दुसऱ्याच डावात मॅडिगन लंगडत बाहेर गेला. त्याच्या जागी कुणी नवखा डावखुरा आला आणि आम्ही एका धावेनं जिंकलो.

सोमवारी ऑटोनं सगळ्यांदेखत तिच्या पाठीवर थाप मारली. “गुडघ्याचं खरं निघालं की गं.” लेस्टरही विरघळला. “अर्धं बरोबर धरू, बर्नी. राहू दे फळा.”

“मी गुडघा लिहिला नव्हता. निकाल लिहिला होता.” तिनं ‘चुकले’ लिहिलं, नेहमीपेक्षा मोठं. मग खडू पर्समध्ये टाकला. “तुझा शब्द होता, लेस. काढ.”

त्यानं खरंच काढला. फळ्यामागे भिंतीचा जुना पिवळा रंग चौकोनी उरला.

पुढच्या शुक्रवारी बर्निस वेळेवर आली. मासा खाल्ला, कोबीची कोशिंबीर संपवली, हात पुसले. पर्समधून खडू काढला आणि त्या पिवळ्या चौकोनात, थेट भिंतीवर लिहिलं: ‘फुटबॉल: आपण हरू. चौदा गुणांनी.’

लेस्टर ओलं फडकं घेऊन तरातरा आला.

“सोमवारी, लेस,” ऑटो ताटातून मान वर न करता म्हणाला. मागच्या टेबलावरून आणखी कुणीतरी तेच म्हणालं. मग मीही म्हणालो, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा माझ्या जुन्या आवाजात.

लेस्टर भिंतीसमोर थांबला. मग फडकं त्यानं खांद्यावर टाकलं.

“चौदा कशावरून?” त्यानं विचारलं.

बर्निसनं शेजारची खुर्ची पायानं त्याच्याकडे सरकवली.